बरोबरीत सुटलेली माणसं

कोल्हापूरच्या खासबागेत मोठं मैदान असलं की एक नंबरच्या कुस्तीला अजून बराच अवकाश असताना मधल्या कुस्त्या लागतात. ऊन कललेलं असतं, हलगीवाला जरा दमलेला असतो, कट्ट्यावर लोक शेंगा फोडत असतात. हौद्यात एका बाजूला नाव झालेला पोरगा, दुसऱ्या बाजूला कुठल्याशा गावच्या तालमीतला तिशी ओलांडलेला गडी. पोरगा झटक्यात कब्जा घेतो, गड्याला खाली आणतो. आणि मग काहीच होत नाही. गडी पोटावर पसरतो. कोपरं बरगड्यांना चिकटवतो, हनुवटी छातीत घालतो, गुडघे फाकवून तांबड्या मातीत रुतवतो. पोरगा घिस्सा ओढतो, एकलंगी भरायला बघतो, गड्याला उताणं करायचे हे डाव. गड्याची बोटं फक्त पोराचं मनगट शोधत राहतात, तो हात काखेतून पुढं सरकू नये एवढ्यासाठी. वीस मिनिटं जातात, पंच दोघांना उठवतात. पाठ लागली नाही, म्हणजे कुस्ती बरोबरीत. गडी माती झटकतो, कपाळाला लावतो, इनाम घेतो आणि ताठ मानेनं बाहेर पडतो.

शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या या मैदानातल्या मातीचा हा जुना कायदा: जोवर दोन्ही खांदे जमिनीला टेकत नाहीत, तोवर कुणी हरलेलं नाही. ज्याला पाडता येत नाही, त्याला हरवलं असं म्हणता येत नाही.

बॉक्सिंगमध्ये हा कायदा नाही, आणि तिथल्या एका अख्ख्या जमातीवर त्यामुळं अन्याय होतो. इंग्रजीत त्यांना जर्नीमन म्हणतात. कोल्हापुरात बरेच जण त्याचा अर्थ प्रवासी असा घेतात, कारण हे बॉक्सर या गावातून त्या गावात लढत फिरतात. पण शब्दाचं मूळ फ्रेंचमधल्या ‘दिवस’ या शब्दाशी आहे. जर्नीमन म्हणजे दिवसाच्या मजुरीवर काम करणारा, रोजंदारीवाला. मार्केट यार्डात पहाटे उभा असलेला माणूस जसा त्या दिवशी मिळेल त्या गाडीला लागतो, तसा हा बॉक्सर मिळेल त्या लढतीला उभा राहतो.

क्रिस्टियन लाइट हा इंग्लंडचा बॉक्सर. २०१८ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३०० लढती होत्या. विजय १२, बरोबरी ९, पराभव २७९. आकडा वाचून माणूस हसतो. पण त्या २७९ पैकी पंचाला लढत थांबवावी लागली अशा लढती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्या तो शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहून, गुणांवर हरला. खासबागेचा कायदा लावला तर त्या सगळ्या कुस्त्या बरोबरीत सुटल्या. मग हा माणूस शेकडो वेळा हरलेला राहत नाही, शेकडो वेळा न पडलेला ठरतो. हे नीट समजलं की मग यांच्यातलाच कुणी अधूनमधून एखाद्या भावी चॅम्पियनला आस्मान दाखवतो, त्याचं नवल वाटत नाही.

हरणं हे काम कसं होतं, ते आधी पाहू. ब्रिटनमधल्या छोट्या हॉलमधल्या कार्यक्रमांत लाल कोपऱ्यातला स्थानिक पोरगा आपली तिकिटं स्वतः विकतो. मित्र, भावकी, कामावरचे लोक, सगळ्यांच्या गळ्यात मारतो. त्या पैशातून हॉलचा खर्च निघतो, आणि निळ्या कोपऱ्यात येणाऱ्या पाहुण्याची बिदागीही त्यातूनच निघते. पाहुणा जिंकला तर पोराचं नाव खाली येतं, पुढच्या वेळी तिकिटं कमी खपतात. त्यामुळं पाहुण्यानं जिंकावं असं त्या हॉलमध्ये कुणालाच वाटत नसतं. पाहुण्यानं मुद्दाम पडावं असं मात्र यात नाही. पोराला शिकवावं, त्याला चार फेऱ्या घाम गाळायला लावावा, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या गावी हजर व्हावं, असा तो व्यवहार असतो.

चार फेऱ्यांच्या अशा लढतीत गुण देणारा एकटा रिंगमधला पंच. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. चारही फेऱ्या पोराच्या झाल्या की ४०-३६. एकदा खाली पडला की ती फेरी १०-८. पाहुण्याला फेरी मिळायची तर ती नुसती जिंकून भागत नाही, डोळ्यात भरेल अशी जिंकावी लागते. आणि तसं करायला गेलं की अंग उघडं पडतं.

खरा पेच इथं आहे. ब्रिटिश बॉक्सिंग मंडळाच्या नियमाप्रमाणं ज्याची लढत ठोशांनी थांबवली गेली, त्याला किमान २८ दिवस रिंगमध्ये उतरता येत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला वाचवणारा हा नियम योग्यच आहे. पण आठवड्याला एक लढत घेणाऱ्याच्या दृष्टीनं त्याचा अर्थ चार बिदाग्या बुडाल्या. म्हणून रोजंदारीवाला जिंकायला जात नाही, तो न थांबवलं जाण्यासाठी जातो. जिंकण्याची ऊर्मी तो खुंटीला अडकवून येतो. ती ऊर्मी मेलेली नसते, हे विसरणारे प्रमोटर पुढं पस्तावतात.

या न पडण्याच्या कलेची दखल फार कमी लोक घेतात. जरा जवळून पाहण्यासारखी ती आहे. समोरचा अंगावर आला की कसलेला जर्नीमन सरळ मागं जात नाही. सरळ मागं गेलेला माणूस तीन पावलांत दोरीला लागतो आणि तिथं त्याच्यावर जाळ होतो. तो अर्धं पाऊल मागं जातो, मग पुढच्या पायावर बाजूला वळतो. पोराचा दुसरा ठोसा हवेत जातो आणि पोराला पाय पुन्हा मांडावे लागतात. पाय मांडायला जे दोन सेकंद जातात, तीच जर्नीमनची कमाई. दोरीला लागलाच तर पाठ टेकवून उभा राहत नाही, एक खांदा पुढं काढतो, हनुवटी त्या खांद्यामागं दडवतो, उजवं कोपर यकृतावर ठेवतो. यकृत उजव्या बरगडीखाली असतं. तिथं डावा हुक, म्हणजे वळवून मारलेला डावा ठोसा, नेमका बसला तर डोकं शुद्धीवर असतं, पण पाय ऐकत नाहीत, एक-दोन सेकंदांनी गुडघे आपोआप मोडतात. डोक्यावरचा मार जिद्दीनं सोसणारे पुष्कळ, यकृतावरचा सोसणारा जवळपास कुणी नाही.

मग मिठी. नवशिका मिठी मारतो ती घाबरून, हात बाहेरून टाकतो आणि बरगड्या उघड्या ठेवतो. जाणकार समोरच्याचे दोन्ही हात कोपराच्या वर आपल्या काखेत दाबतो, डोकं त्याच्या खांद्यावर ठेवतो आणि सगळा भार त्याच्यावर सोडून देतो. ७० किलोचं ओझं दहा-दहा सेकंद पेलणं म्हणजे काय, ते तालमीत गर्दन घेऊन रेटारेटी केलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. चौथ्या फेरीला पोराचे खांदे भरून येतात ते यामुळं. शिवाय हात गोलाईनं मारणाऱ्याच्या दंडावर, खांद्याच्या पुढच्या भागावर छोटे ठोसे. गुण मिळत नाहीत, पण हात जड होतात. ग्लव्हज वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे १४७ पौंडांपर्यंत ८ औंसांचे आणि त्याच्या वर १० औंसांचे. ८ औंस म्हणजे २२७ ग्रॅम फक्त. पहिल्या फेरीत ते जाणवत नाहीत. आठव्या फेरीत हात हनुवटीशी धरून ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

आता यातून उलटफेर कसा होतो, ते एकाच माणसाकडं पाहून कळावं. अमेरिकेतला डार्नेल बून. निम्म्याच्या आसपास लढती हरलेला. २००५ मध्ये अँड्रे वॉर्डसमोर त्याला उभं केलं. वॉर्ड अथेन्स ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, बून हा त्याच्या सरावाचा गडी. लढत वॉर्ड जिंकला, पण बूननं त्याला खाली बसवलं. हा तोच वॉर्ड, जो पुढं एकूण ३२ लढती खेळून एकही न हरता निवृत्त झाला. २०१० मध्ये बूनसमोर अडोनिस स्टीव्हन्सन आला. तोही तोवर अपराजित. दुसऱ्याच फेरीत बूननं त्याची लढत संपवली. त्याच वर्षी सर्गेई कोव्हालेव्हविरुद्ध परीक्षकांची मतं फुटली आणि बून थोडक्यात हरला. स्टीव्हन्सन आणि कोव्हालेव्ह दोघंही पुढं लाइट हेवीवेट या वजनगटाचे जगज्जेते झाले. बूनच्या नावापुढं मात्र आकडे तेच, निम्मे जिंकलेले आणि निम्मे हरलेले.

ही उलटफेराची पहिली तऱ्हा, आणि हे नशिबानं होत नाही. अपराजित पोराला आधीच्या लढतींत असे विरोधक दिलेले असतात की पहिला जोराचा ठोसा बसला की ते खचतात. पोराला सवय लागते: मी मारलं की समोरचा मागं जातो. बूनसारखा माणूस मागं जात नाही. त्यानं असे शंभर ठोसे खाल्लेले असतात, ठोसा येताना डोळे उघडे ठेवायची त्याला सवय असते. पोरगा हात परत हनुवटीशी न आणता दुसरा ठोसा मारायला जातो, आणि त्या उघड्या जागेत उजवा हात घुसतो. भरवशाच्या डावात पाय अडकून पडतो तो पैलवान असाच पडतो.

दुसरी तऱ्हा दमाची. ५ डिसेंबर १९९८, कीव. घरच्या मैदानावर व्लादिमिर क्लिच्को, अटलांटा ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता, २४ पैकी २४ लढती जिंकलेला. समोर अमेरिकेचा रॉस प्युरिटी, २४ विजय, १३ पराभव, १ बरोबरी. प्युरिटीला अगदीच टाकाऊ समजणाऱ्यांनी १९९४ ची त्याची टॉमी मॉरिसनशी झालेली बरोबरी पाहिली नव्हती. कीवमध्ये क्लिच्को फेरीमागून फेरी जिंकत होता. प्युरिटी हात वर धरून पुढं पुढं येत होता, दंडावर आणि ग्लव्हजवर मार घेत होता. लढती लवकर संपवायची सवय लागलेल्या क्लिच्कोनं प्रत्येक ठोशात सगळं अंग घातलं. दहाव्या फेरीत त्याच्याकडं काही उरलं नाही. अकराव्यात त्याचा प्रशिक्षक फ्रिट्झ सडुनेक स्वतः पुढं आला आणि लढत थांबवली. पुढं दहा वर्षांच्या आसपास हेवीवेटवर राज्य केलेला क्लिच्को डाव्या हाताच्या जॅबवर, म्हणजे सरळ झटक्याच्या ठोशावर, आणि मिठीवर भर देत, मोजून मापून लढायचा. लोक त्या शैलीला कंटाळवाणी म्हणत. माझं मत असं, की कीवमधल्या त्या रात्रीची ती फी होती, आणि ती वसूल करणारा एक रोजंदारीवाला होता.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत प्रिय. ग्लेन जॉन्सन, जन्म जमैकाचा, मायामीत बांधकामावर काम करणारा. पहिल्या ३२ लढती जिंकला, १९९७ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सनं थांबवलं, आणि मग सुरू झाला परगावचा फेरा. दुसऱ्याच्या देशात, दुसऱ्याच्या परीक्षकांपुढं लढायचं आणि गुणांवर हरायचं. एक गोष्ट त्यानं सोडली नाही, ती म्हणजे प्रत्येक लढतीला तयार होऊन जाणं. २००४ च्या फेब्रुवारीत शेफिल्डला जाऊन क्लिंटन वूड्सला त्याच्याच गावात हरवलं आणि आयबीएफ या संघटनेचा जगज्जेतेपदाचा पट्टा घेतला. २५ सप्टेंबरला मेम्फिसमध्ये रॉय जोन्स ज्युनियरसमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या नावावर नऊ पराभव होते. त्यानं काही विशेष युक्ती केली नाही. पहिल्या घंटेपासून जोन्सला दोरीला लावलं आणि शरीरावर काम केलं. जोन्सची सगळी जादू पायांत आणि अंतरात होती, जॉन्सननं अंतरच शिल्लक ठेवलं नाही. आठ फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांकडं तो पुढं होता. नवव्या फेरीत उजवा हात बसला आणि जोन्स कित्येक मिनिटं उठला नाही. डिसेंबरमध्ये जॉन्सननं अँटोनियो टार्व्हरलाही हरवलं.

यात जुनं नाव घ्यायचं तर जेम्स ब्रॅडॉकचं. मंदीच्या काळात, उजवा हात वारंवार मोडल्यामुळं बॉक्सिंग सुटलं आणि तो न्यू जर्सीच्या गोदीत हमाली करू लागला. मोडक्या उजव्या हाताला जपण्यासाठी डाव्यानं माल ओढायचा. ३० किलोचा गुळाचा रवा दिवसभर एकाच हातानं हुकात धरून गाडीत टाकणाऱ्याचा तो हात वर्षभरात कसा होईल, ते कोल्हापूरच्या गूळ बाजाराला माहीत आहे. १९३४ च्या जूनमध्ये दोन दिवसांच्या निरोपावर ब्रॅडॉकला कॉर्न ग्रिफिनसमोर उभं केलं, तेव्हा पूर्वी नुसता शोभेला असलेला त्याचा डावा हात खरा हात झालेला होता. वर्षभरात, १३ जून १९३५ ला, त्यानं मॅक्स बेअरला १५ फेऱ्यांत गुणांवर हरवलं आणि जगज्जेता झाला. पैजेचे भाव दहास एकच्या आसपास त्याच्या विरुद्ध होते.

उलटफेर म्हटलं की सगळे टोकियोचं नाव घेतात, ११ फेब्रुवारी १९९०, बस्टर डग्लस आणि माइक टायसन, भाव ४२ ला १. पण डग्लस हा अस्सल जर्नीमन नव्हता. त्याच्याकडं उंची होती, टायसनपेक्षा १२ इंच लांब पोहोच होती, चांगला जॅब होता. नव्हतं ते मन, आणि आई गेल्यानंतरच्या त्या २३ दिवसांत ते आलं. त्या लढतीत पाहण्यासारखा आहे तो टायसनचा कोपरा, म्हणजे फेऱ्यांमध्ये त्याची देखभाल करणारी माणसं. डोळ्यावरची सूज दाबायला थंड लोखंडी ठोकळा असतो, बर्फात ठेवलेला. तो त्यांनी आणलाच नव्हता. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. मोजा दाब देत नाही, त्यामुळं सूज पसरत गेली. फेऱ्यांमधला एक मिनिट फार छोटा असतो. डोक्यावर जखम असेल तर आधी कोरड्या टॉवेलनं एकदाच टिपायचं, मग रक्त थांबवणाऱ्या ॲड्रेनॅलिनमध्ये भिजवलेली कापसाची काडी जखमेत घालून ३०-४० सेकंद हलवायची नाही, नुसती दाबून धरायची, शेवटी वर व्हॅसलीन. घाईत पुन्हा पुन्हा पुसलं की बसत आलेली गुठळी निघते. फेव्हरिटच्या कोपऱ्यात ही सामग्री पडून असते, कारण कधी लागलेलीच नसते. जर्नीमनचा कोपरेवाला हेच रोज करतो.

अँडी रुइझही असाच, अस्सल जर्नीमन नव्हे. हेवीवेट जगज्जेता अँथनी जोशुआचा ठरलेला विरोधक उत्तेजक चाचणीत अडकला आणि महिनाभर आधी रुइझला बोलावलं. लोकांनी पोट पाहिलं. २० एप्रिल २०१९ ला तो पूर्ण तयारीची लढत जिंकून आलेला होता आणि १ जूनपर्यंत दम टिकवायचा होता, एवढंच कुणी पाहिलं नाही. वजन तेव्हा २६८ पौंड. तिसऱ्या फेरीत स्वतः पडला, उठला, जोशुआला चार वेळा पाडून सातव्यात संपवलं. डिसेंबरच्या परतीच्या लढतीला २८३ पौंडांवर आला आणि गुणांवर हरला. माणूस तोच, मधले १५ पौंड वेगळे.

म्हणून अशा बॉक्सरचा कागद वाचताना पराभवांची संख्या शेवटी वाचावी. आधी पाहावं, किती वेळा थांबवला गेला आणि केव्हा. अलीकडच्या वर्षात दोन-तीनदा थांबवला गेला असेल तर हनुवटी, म्हणजे मार सोसायची ताकद, संपली, तिथं आशा ठेवू नये, उलट त्यानं घरी जावं. मग पाहावं, हरला तो कुणाकडून आणि कुठल्या गावात. परक्या गावात परीक्षकांची मतं फुटून झालेला पराभव मी विजयाइतकाच धरतो. निरोप किती दिवसांचा होता? चार दिवसांच्या निरोपावर आलेला आणि आठ आठवडे तयारी केलेला एकच माणूस असला तरी दोन वेगळे बॉक्सर समजावेत. स्वतःच्या वजनात लढला की दोन गट वर? आणि मग फेव्हरिटकडं वळावं. तो सहा फेऱ्यांच्या पुढं कधी गेला आहे का? डावखुऱ्याशी खेळला आहे का? किती महिने रिंगबाहेर होता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या घाटाखालीच मिळालं. १९ मार्च २०२१, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या छतावर विजेंदर सिंगची लढत. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १२ पैकी १२ जिंकलेला, पण नोव्हेंबर २०१९ नंतर रिंगमध्येच उतरलेला नाही. समोर रशियाचा अर्तिश लोप्सान, सहा फूट चार इंच, नाव कुणी ऐकलेलं नाही. उंच माणसासमोर आत शिरायला पाय लागतात, आणि सोळा महिने लढत नसली की सगळ्यांत आधी पायच जातात. अंगात ताकद असते, डोक्यात डाव असतो, पण अर्धं पाऊल उशिरा पडतं. पाचव्या फेरीत पंचानं लढत थांबवली.

राहिला बर्मिंगहॅमचा पीटर बकली. पुढं जगज्जेता झालेल्या नसीम हमेदशी लढलेला, डझनावारी भावी चॅम्पियनांना चार-सहा फेऱ्यांचा धडा दिलेला. ३१ ऑक्टोबर २००८ ला त्याच्या गावात त्याची ३०० वी आणि अखेरची लढत होती. त्याआधीच्या ८८ लढतींत एकही विजय नव्हता. वीस वर्षांच्या आसपास तो पुढचा शनिवार सांभाळत लढला होता, आणि त्या रात्रीनंतर पुढचा शनिवार नव्हता. २८ दिवस बसावं लागलं तरी बुडणार काही नव्हतं. चार फेऱ्या झाल्या, आणि पंचानं बकलीचा हात वर केला.